ताटाची डावी बाजू

आमच्या घरात विरामचिन्हं मोठ्यानं बोलायची पद्धत होती. माझे वडील, म्हणजे नाना, गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचे. दिवसाचं काम दिवसात संपत नसे. उरलेली प्रूफं घरी यायची आणि दिवेलागण झाली की मी लेखकाचं मूळ हस्तलिखित घेऊन नानांसमोर बसायचे. मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी छापलेल्या कागदावर लाल पेन्सिलीचं टोक ओळीखालून सरकवत न्यायचं, अशी आमची वाटणी होती. नुसते शब्द वाचून भागत नसे. लेखकानं जिथं जे चिन्ह टाकलं असेल ते नावानं पुकारावं लागे. "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण बंद." चाळीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिले काही दिवस त्यांना वाटायचं, या घरात कसलं तरी अनुष्ठान चाललंय. आईलाही त्या वाचनाची लागण झाली होती. स्वयंपाकघरातून तिची हाक यायची, "पानं घेतलीत स्वल्पविराम, आता उठणार आहात का प्रश्नचिन्ह!" नाना पेन्सिल न थांबवता म्हणायचे, "प्रश्नचिन्ह नाही, उद्गारचिन्ह. तू विचारत नाहीयेस, ओरडतेयस."

आता मी करी रोडच्या एका टॉवरमध्ये, ढगांच्या शेजाराला राहते. मेंदूच्या शस्त्रक्रिया करणं सोडलं त्यालाही बरेच दिवस झाले. पण आमच्या विषयाच्या एका नियतकालिकाचं संपादन अजून माझ्याकडे आहे. जगभरातून लेख येतात. ते पडद्यावर वाचताना माझे ओठ हलत असतात आणि त्यातून स्वल्पविराम, पूर्णविराम बाहेर पडत असतात. माझ्या तरुण सहायकानं एकदा भीत भीत विचारलं, "मॅडम, तुम्ही जप करता का?" मी हो म्हटलं. सत्कारबित्कार असला की लोक विचारतात, त्या काळात मुलगी असून तुम्ही मेंदूकडे कशा वळलात? मग मी माझ्या गुरूंचं नाव घेते, चार मोठ्या गोष्टी बोलते आणि खाली बसते. खरं उत्तर चटणी असं आहे, पण ते शाल खांद्यावर असताना देता येत नाही.

नानांचं जग प्रूफांचं, तसं आईचं ताटाचं. तिचं माहेर राजापूरकडचं. तिथून ती ताट वाढायचे नियम घेऊन आली होती आणि त्यात कानामात्रेचा फरक तिला खपत नसे. मीठ वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद आणि त्यावर वरण. "उजवीकडच्यानं पोट भरतं, जेवण होतं ते डावीकडच्यानं," असं ती म्हणायची. भाजी कोणती करायची ते बाजार ठरवतो, पण चटणी बाईच्या हाताची, असा तिचा हिशेब होता. दोडक्याची भाजी उजवीकडे पडली की त्याच दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर परतून डावीकडे यायच्या. दुध्याची सालं, कोथिंबिरीचे देठ, कवठाचा गर, कारळे, कैरी, काही म्हणजे काही वाया जात नसे. आणि हे सगळं पाट्यावर. चाळीतल्या प्रत्येक घरच्या वरवंट्याचा आवाज वेगळा होता. डोळे मिटून सांगता यायचं, कोण वाटतंय. आईचा वरवंटा आधी दणदणीत चालायचा, मग दमानं, आणि शेवटी नुसतं घासल्यासारखा आवाज यायचा. तो ऐकला की नाना पाटावर येऊन बसायचे.

जेवायला सुरुवात करण्याआधी ताटाभोवती पाणी फिरवून, उजव्या बाजूला भाताची चार शितं ठेवून चित्राहुती घालायची, आणि मग पहिलं बोट चटणीला. त्यावर एका शब्दाचा निकाल. "जमलीय," किंवा नुसतंच, "मीठ." मीठ म्हणजे कमी की जास्त, ते आईला त्यांच्या भुवयांवरून कळायचं. बायकोचं कौतुक करायची त्या पिढीच्या पुरुषांना सवय नव्हती. नानांनी आईला कधी फुलांचा गजरा आणल्याचं मला आठवत नाही. जो काही त्यांचा संसारातला गोडवा होता तो त्या "जमलीय"मध्ये होता, आणि आई त्यावर पुढचा दिवस काढायची.

मी परळला मेडिकल कॉलेजात जाऊ लागले तसं माझं वाचन सुटलं. बसनं घरी येईपर्यंत जीव अर्धा झालेला असायचा, आणि वर माझीच पुस्तकं डोक्याएवढी. नाना एकटेच प्रूफं तपासू लागले, एकटेच पुटपुटू लागले. मला तेव्हा फार वाईट वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण नव्हतं वाटलं. उलट सुटले असंच वाटलं. शेवटच्या वर्षाच्या सुमाराला दादरचं एक स्थळ सांगून आलं आणि आईनं ते फार मनावर घेतलं. नाना म्हणाले, तिचं शिक्षण पुरं होऊ दे. त्यावरून दोघांची जुंपली. बोलण्याच्या भरात आई म्हणाली, "तुम्हाला घरात वाचून दाखवायला माणूस हवंय, म्हणून मुलीला बिनलग्नाची ठेवताय." नाना उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या ताटाची डावी बाजू उरायला लागली.

आधी लोणचं राहिलं, मग कोशिंबीर, मग चटणी. बाकी जेवण व्यवस्थित चालायचं. भाजी पुन्हा मागून घ्यायचे, आमटी ओरपायचे, हात धुवायला उठायचे. डावीकडे सगळं वाढलेलं तसंच्या तसं. आईला त्याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही, कारण आमच्या घराण्यात त्याला दाखला होता. माझ्या आजोबांनी आजीवर रागावून सबंध वर्ष लोणचं वर्ज्य केलं होतं आणि का रागावलोय ते शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. आमच्याकडचे पुरुष भांडत नसत, ताटात टाकून उठत. आईला वाटलं, हे त्या वाक्याचं उत्तर आहे. ती मानी होती. माफी मागण्याऐवजी तिनं चटण्या सुधारल्या. सणावारी होणारी कवठाची चटणी साध्या बुधवारी झाली. डाळिंबाचे दाणे घातलेली कोशिंबीर झाली. तेही उरलं. शेवटी एक दिवस तिनं न राहवून विचारलं, "चटणी नको का?"

नाना म्हणाले, "वाढलीस तर खाईन ना."

चटणी त्यांच्या ताटात होती. आईचा चेहरा उतरला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भांडणं ऐकली, पण त्या वाक्याइतकं लागलेलं वाक्य दुसरं पाहिलं नाही, आणि म्हणणाऱ्याच्या मनात त्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं चटणी वाटणं बंद केलं. लिंबाची फोड आणि बरणीतलं लोणचं तेवढं रिवाज म्हणून वाढायची. आमच्याकडून आवाज येईना, तेव्हा पलीकडच्या सुमनकाकूंनी विचारलं, "काय हो, पाटा गुळगुळीत झाला म्हणून टाकी लावायला दिलात का?" आई हो म्हणाली.

याच सुमाराला छापखान्याचे मालक भाऊसाहेब घरी आले. ते कधी येत नसत. आईनं चहा ठेवला तर नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी खिशातून एक लग्नपत्रिका काढली आणि नानांसमोर धरली. निमंत्रकांच्या नावांत एका ओळीच्या सुरुवातीला 'श्री.'च्या जागी 'कै.' पडलं होतं. वरच्या ओळीत खरोखरचे कैलासवासी होते, छपाईचे खिळे जुळवणाऱ्याच्या हातून तेच खाली आलं. नवऱ्या मुलाचे आजोबा काठी टेकत छापखान्यात आले होते आणि म्हणाले होते, मी मेलेला माणूस, माझ्या खांद्याला हात लावून बघा.

"नाना, खाली सही तुमची आहे," भाऊसाहेब म्हणाले. "तुमची सही असली की मी डोळे मिटून मशीन चालू करतो. आणि हे एकच नाही हो. गेले दोन-तीन महिने गिऱ्हाइकं बोलतायत. मी तुम्हाला सांगत नव्हतो."

नानांनी पत्रिका हातात घेतली, वाचली आणि म्हणाले, "यात चूक कुठंय?"

भाऊसाहेब मग हळूच म्हणाले, "डोळे तपासून घ्या. तोवर बाइंडिंगकडे बसा. पगारात काही फरक पडणार नाही." नानांना पगाराचं काही नव्हतंच. ज्या माणसानं दुकानांच्या पाट्यांतल्या चुकासुद्धा रस्त्यात उभं राहून मालकांना दाखवल्या, त्याला आता कागदाच्या घड्या घाल म्हणून सांगितलं होतं. चष्मेवाल्यानं तपासून सांगितलं, डोळे छान आहेत. मग तर सगळ्यांचं एकमत झालं, की नानांचं कामातलं लक्ष उडालंय. आईला त्यातही आपलंच ते वाक्य दिसत होतं. बाइंडिंगला बसण्यापेक्षा मी घरी बसेन, असं नाना म्हणाले आणि रजा टाकून खरंच घरी बसले.

तो रविवार होता. नाना गॅलरीत खिळ्याला आरसा अडकवून दाढी करत होते आणि मी कठड्याला टेकून पेपर वाचत होते. दाढी उरकून ते आत जायला वळले. वळताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. मी वर पाहिलं, तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर सगळे पांढरे खुंट तसेच.

"नाना, डावा गाल राहिला."

त्यांनी हात उचलून उजव्या गालावरून फिरवला. "राहिला कुठं? हा काय."

मला आधी हसू आलं, मग मी हातातला पेपर खाली ठेवला. त्या महिन्यात मी मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होते. तिथले आमचे परेरा सर माहीमचे, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतलेच. अत्यंत कमी बोलायचे. मुलांनी त्यांना मौनीबाबा नाव ठेवलं होतं. ते एकदा म्हणाले होते, "डोळ्याला न दिसणं वेगळं. आणि जगाला डावी बाजू असते हेच मेंदू विसरून जातो, ते वेगळं. असा पेशंट कम्प्लेंट घेऊन येत नाही. जे त्याच्यासाठी नाहीच, त्याची कम्प्लेंट काय करणार?" मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि पान उलटलं होतं. आता ते वाक्य खुंट वाढलेल्या गालानं माझ्यासमोरून घरात गेलं. लोणचं, कोशिंबीर, चटणी आणि ओळीच्या सुरुवातीचं 'कै.' एकामागोमाग एक माझ्या डोळ्यांसमोर आलं.

मी स्वयंपाकघरात गेले. "आई, आज एक कर. नानांचं ताट उलटं वाढ. चटणी उजवीकडे, भाजी-आमटी डावीकडे."

आईच्या हातातला झारा थांबला. "वेडी का खुळी तू? आमच्याकडे उलटं पान श्राद्धाला वाढतात, पितरांना. जित्या माणसापुढं ठेवू? आणि तेसुद्धा माझ्या हातानं?"

"एकदाच. मला काहीतरी बघायचंय."

"तुझ्या कॉलेजात बघ काय बघायचं ते. माझ्या कुंकवाशी खेळ नको."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, बरं, उलटं राहू दे. पण चटणी तरी वाट. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी वाट. ती कुरकुरली, पण कोपऱ्यातला पाटा आडवा केला. ओल्या खोबऱ्याची, हिरवी मिरची आणि आलं घालून. कित्येक दिवसांनी तो आवाज झाला आणि गॅलरीतून सुमनकाकूंनी डोकावून बघितलंच.

नाना पाटावर बसले. रिवाज म्हणून चटणी त्यांच्याही ताटात डावीकडे आली. पाणी फिरवलं, उजवीकडे चित्राहुती घातली आणि जेवू लागले. मी समोर बसून बघत होते. आता मला माहीत होतं कुठं बघायचं ते. भाताची मूदसुद्धा ते उजवीकडूनच खात होते. अर्धा भात संपला होता आणि उरलेला अर्धा सुरीनं कापल्यासारखा ताठ उभा होता. आई तूप आणायला आत वळली, तेवढ्यात मी हात पुढं केला आणि ताट अर्धं फिरवलं.

"अरे वा!" नाना म्हणाले. "चटणी केलीस आज? किती दिवसांनी." त्यांनी बोट लावलं, चाखली. "जमलीय."

आई तुपाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. सगळा रुसवा, सगळे दिवस एका शब्दानं धुऊन निघाले होते. ती पुढं येणार, तेवढ्यात नानांनी ताटावरून नजर फिरवली आणि सहज विचारलं, "आणि आमटीची वाटी कुठं नेलीस?"

वाटी त्यांच्या डाव्या हाताशी होती. तिच्यातून वाफ येत होती. आईनं वाटीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. तुपाची वाटी खाली ठेवून ती तिथंच उंबऱ्यावर बसली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मग पुन्हा, "अगं बाई. आणि मी रुसले."

नानांना पटवणं सोपं गेलं नाही. डोळे छान असल्याचा चष्मेवाल्याचा दाखला त्यांच्याकडे होता. ते चिडले, मला म्हणाले, अजून डॉक्टर झाली नाहीस. मी वाद घातला नाही. संध्याकाळी दिवा लागल्यावर मी त्यांच्या पिशवीतली जुनी प्रूफं काढली, मूळ प्रत घेतली आणि पूर्वीसारखी समोर बसून वाचायला लागले. नुसत्या आवाजानं त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला. दोन-तीन ओळी झाल्या आणि ते थांबले. "हे बघ, हेच मी भाऊसाहेबांना सांगणार होतो. हल्लीचे लेखक वाक्य मधूनच सुरू करतात. आगा ना पिछा."

मी त्यांच्या हातातली लाल पेन्सिल घेतली आणि कागदाच्या डाव्या कडेला उभी ठेवली. "नाना, ही पेन्सिल शोधा. सापडेपर्यंत डावीकडे जात राहा. आणि प्रत्येक ओळ पेन्सिलीपासून सुरू करा."

त्यांची नजर सरकत गेली. अडखळली, परत आली, पुन्हा गेली. मान सावकाश वळली. पेन्सिल सापडली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. ते पहिल्या शब्दापासून वाचू लागले. ओळ पुरी झाली, तर दुसरी. मग त्यांनी हात कागदावर पसरून ठेवला.

"हे सगळं इथंच होतं?"

"इथंच होतं, नाना."

"आणि मी लेखकांना नावं ठेवत होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "उद्या तुझ्या सरांकडे जाऊ."

परेरा सरांपुढं केस मांडताना मी चटणीपासून सुरुवात केली. मागं उभी असलेली पोरं खुसखुसली. सर हसले नाहीत. ताटात कुठं काय असतं ते त्यांनी मला हातांनी दाखवायला लावलं. मग नानांना तपासलं. मेंदूचा फोटो काढायचं मशीन तेव्हा मुंबईत मोजक्या ठिकाणी होतं. तिथं पाठवलं, आणि फोटो आला तो दिव्यासमोर धरून म्हणाले, "बघ. उजवीकडे, मागच्या बाजूला. बाहेरच्या आवरणातून वाढलेली गाठ आहे. मेंदूतली नाही, मेंदूवर दाबून बसलीय. काढता येईल." आई पदर घट्ट धरून उभी होती. तिनं विचारलं, "यांना डावीकडचं परत दिसेल का?" सरांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, खोटं नाय सांगत. माणूस वाचेल असं वाटतंय. डावीकडचं येईल की नाय, ते मला माहीत नाय. थांबायला लागेल." खोटी आशा न दाखवता माणसाला धीर कसा देतात, ते मी त्या एका मिनिटात शिकले. पुढं माझ्या पेशंटच्या बायकामुलांशी बोलताना मी त्याच सुरात बोलायचा प्रयत्न केला, नेहमी जमलंच असं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आई हॉस्पिटलच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. डबा कोणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाली, "असू दे." मध्ये एकदा म्हणाली, "ते चटणी खातायत म्हणून मी खूश झाले बघ त्या दिवशी. एक क्षणभर." मी तिचा हात धरला. सर बाहेर आले, टोपी काढली आणि ट्रेमध्ये ठेवलेली गाठ दाखवली. मध्यम लिंबाएवढी होती. आईनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढ्याशा वस्तूनं माझा संसार अर्धा केला होता."

सरांनी मला ती हकिगत इंग्रजीत लिहून काढायला लावली. माझा पहिला लेख तो. परदेशातल्या ज्या नियतकालिकाकडे पाठवला त्यांच्या तपासनीसानं कळवलं, लेख चांगला आहे, पण जेवणाच्या थाळीविषयीचा मजकूर अनावश्यक आहे, गाळावा. मी गाळायला बसले होते. सर म्हणाले, "ताट राहील. ताट काढलंस तर उरतं काय?" ताट राहिलं. पुढं माझं सगळं संशोधन त्या ताटाभोवतीच फिरलं; आमच्या विभागात डावीकडचं हरवलेल्या माणसाला तपासताना आम्ही खरोखरच ताट वाढून समोर ठेवायचो, आणि कागदावरच्या चाचणीत पास झालेली माणसं तिथं पकडली जायची. आज माझ्याकडे लेख येतात, त्यांत मेंदूचे रंगीत फोटो असतात, आकडे असतात, माणूस घरी कसा जेवतो याची एक ओळ नसते. मी समासात लिहिते, पेशंटच्या बायकोला विचारलंत का? लेखकांना याचा राग येतो, आणि तो मला समजतो.

नाना घरी आले ते डोक्याला पांढरं फडकं बांधून. बोलत होते, चालत होते, विनोदही करत होते. पण डावीकडचं अजून आलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांचं ताट वाढायची वेळ झाली तेव्हा आई फार वेळ देवाच्या फळीसमोर उभी राहिलेली मी पाहिली. तिला वाटलं मी पुस्तकात आहे. ती देवाला हळू आवाजात, पण चांगल्या खणखणीत शब्दांत बजावत होती, "हे बघ, हे पितरांचं पान नाही. हे माझ्या नवऱ्याचं आहे. ते जिवंत आहेत. तू घोटाळा करू नकोस." मग तिनं ताट घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा उलटं वाढलं. चटणी उजवीकडे. भाजी आणि आमटी डावीकडे; ते दोन्ही ती स्वतः त्यांच्या उजव्या हाताशी आणून देणार होती. नानांनी चटणीला बोट लावलं, "जमलीय" म्हणाले, आणि आईनं तोंड फिरवलं.

मग ते रोजचंच झालं. रोज देवाला बजावणं, रोज उलटं ताट. माझ्यापुढं लाल पेन्सिल घेऊन नाना संध्याकाळी वाचायचे, एखाद दिवशी कड सापडायची, एखाद दिवशी हरवायची. मी आशा सोडली नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. सरांनी थांबा म्हटलं होतं, पण किती थांबायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. आई मात्र काही विचारायची नाही. तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं, की या माणसाला जगाची एकच बाजू मिळणार असेल तर डावीकडचं सगळं मी उजवीकडे आणून देईन.

असाच एक साधा दिवस. दुपारची वेळ, सुमनकाकूंच्या रेडिओवर कुणीतरी गात होतं. मी समोर जेवायला बसले होते. नानांनी पाणी फिरवलं, चित्राहुती घातली आणि हात ताटावरच थांबला. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मान थोडी वळवली, पुन्हा पाहिलं. मग भुवया जवळ आल्या, चूक सापडल्यावर यायच्या तशा.

"अगं, हे काय आहे?"

आई धावत उंबऱ्यात आली. "काय झालं? मीठ?"

"मीठ नाही. आमटी डावीकडे आहे. भाजी डावीकडे आहे. आणि चटणी उजवीकडे." त्यांचा आवाज चढला. "उलटं ताट वाढलंयस तू मला! त्या पत्रिकेतल्या आजोबांसारखं मलाही कै. करून टाकलंस की काय? मी जिवंत आहे अजून!"

माझ्या हातातला घास तसाच राहिला आणि मला रडू फुटलं. आई रडली नाही, हसली नाही. तिनं वाकून त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि आत गेली. आम्ही वाट बघत बसलो. आता ती दुसरं ताट घेऊन येईल असं वाटलं, पण आतून नारळ फोडल्याचा आवाज आला. मग पाटा आडवा केल्याचा. मग वरवंटा, आधी दणदणीत.

"अगं, आहे ती चटणी डावीकडे ठेव की!" नाना ओरडले. "भात निवतोय!"

वरवंटा थांबला नाही. नाना हात तसाच वर धरून, डाव्या बाजूला मान वळवून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसून राहिले.